हयातीचा दाखला

लाल पेनानं एक तिरकी रेघ मारायला मला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवल्यावर हात आपोआप चालतो. उत्तर चुकलं की काट. डोकं मागून येतं, आणि गठ्ठा जाड असला तर येतही नाही.

आनुवंशिकतेच्या धड्यात मात्र या तिरक्या रेघेला वेगळाच अर्थ आहे. तिथे घराण्याचा तक्ता काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवराबायकोला जोडणारी आडवी रेघ आणि तिच्यातून खाली उतरणारी मुलं. ज्या गुणाचा माग काढायचा तो ज्यांच्या अंगी आहे, त्यांची खूण काळी भरायची. नावं लिहायची नाहीत. पिढीला रोमन आकडा, माणसाला साधा. म्हणजे II-2 हे दुसऱ्या पिढीतलं दुसरं माणूस. आणि एखाद्या खुणेवरून तिरकी रेघ गेली, की ते माणूस वारलं असं समजायचं.

हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. तरी माझ्या पेनाची रेघ आणि तक्त्यातली रेघ दिसायला एकच आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आलं ते मी स्वतःलाच मारून टाकल्यावर.

आम्ही चंदीगढला आलो त्याला बारा वर्षं होतील. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. तीन वर्षांसाठी म्हणून आलो, पुढे त्याच्या बदल्या होत राहिल्या आणि आम्ही मुलीच्या शाळेपायी इथेच थांबलो. सध्या तो जम्मूला असतो, महिन्यातून दोनदा येतो आणि आल्यावर झोपतो. घरात मी, सासरे आणि मुलगी. सासरे कराडकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. इथला हिवाळा त्यांना सोसत नाही आणि इथलं दूध त्यांना सोडवत नाही, म्हणून ते राहिलेत.

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. एका संस्थेतून तिला आणलं. लपवाछपवी आम्ही कधीच केली नाही. ‘दत्तक’ हा शब्द तिला ‘दप्तर’च्या आधी माहीत होता. इथे आल्यावर तिची मराठी हळूहळू वितळली. समजतं सगळं, उत्तर हिंदीत. आजोबांनी कराडच्या बोलीत विचारायचं, तिनं सेक्टरातल्या हिंदीत सांगायचं, आणि दोघांचं एकमेकांशी उत्तम जमायचं. तिच्या तोंडी एकच मराठी शब्द पक्का टिकला, तो म्हणजे आई. पहिलीत होती तेव्हा शाळा सुटल्यावर मला लांबून बघून ती ‘आई!’ म्हणून ओरडायची आणि बरोबरच्या पोरी मान वळवून विचारायच्या, ‘कौन आई?’ हिंदीत तो शब्द म्हणजे ‘आली’. कोण आली? ती वैतागून म्हणायची, ‘आई आई!’ त्यावर सगळ्या हसायच्या. बरीच वर्षं आमच्या घरात हा विनोद चालला. मी बाहेरून आले, की सासरे आतूनच हिंदी जमवायचे, ‘कौन आई?’

पाचवीत तिनं नियम केला की शाळेत ती मला ‘मॅम’ म्हणणार. बाकीची मुलं म्हणतात तसं. घरी आई, शाळेत मॅम, आणि दोन्हींच्या मधे शाळेचं फाटक. तो नियम तिनं एकदाही मोडला नव्हता.

आता वर्कशीटचं सांगते. ती माझीच. नऊ वर्षांपूर्वी या शाळेत लागले तेव्हा उत्साह होता, म्हणून मी एक छान वर्कशीट बनवली. वर शीर्षक ‘माझं कुटुंब’, बाजूला एक झाड. घरी जा, तीन पिढ्यांच्या कानांच्या पाळ्या बघा, कुणाची पाळी सुटी लोंबते आणि कुणाची गालाला चिकटलेली आहे ते तक्त्यात भरा. पुस्तकात लिहिलंय की सुटी पाळी प्रभावी, चिकटलेली अप्रभावी, म्हणून आईबाप दोघंही चिकटलेल्या पाळीचे असतील तर मुलाची पाळी सुटी असू शकत नाही. खरं म्हणजे कानाच्या पाळीचं गणित इतकं सरळ नाही, हे आता सगळ्या शिकवणाऱ्यांना माहीत आहे. पण सोपं पडतं, आरशात दिसतं, पालकांना आवडतं. म्हणून चालू राहिलं.

माझी पाळी चिकटलेली आहे. नवऱ्याचीही. मला कानातलं शोभत नाही, ते लग्नातच सगळ्यांनी सांगून झालं. मुलीच्या पाळ्या मात्र मस्त सुट्या, झुमका घातला की डुलतात. सासऱ्यांचं यावर ठाम मत आहे, ‘माझ्या आयचं कान हायत पोरीला.’ मी जीवशास्त्र शिकवते हे त्यांना माहीत आहे. त्यांना त्यानं काही फरक पडत नाही.

म्हणजे माझी वर्कशीट एक दिवस माझ्याच घरात येऊन उभी राहणार, हे मला नऊ वर्षं ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात ठरवायचे, यंदा ही बदलायची. मग युनिट टेस्ट यायची, प्रात्यक्षिकांच्या वह्या यायच्या, सासऱ्यांचं पथ्यपाणी यायचं, आणि मी आजचं मरण उद्यावर ढकलायचे. मुलगी अजून सहावीत आहे. अजून आठवीत. अजून दहावीचं तर होऊ दे.

यंदा ती बारावीत आली. स्वतःच्या मुलाला शिकवायचं नाही असा शाळेचा नियम, म्हणून ती ब सेक्शनला, दुसऱ्या मॅडमकडे. या तरुण मॅडम रोज डेराबस्सीहून येतात, पण वयानं इतकी लहान की मी तिला अगं-तुगंच करते. तिचा नवरा तिथे औषधांच्या कारखान्यात आहे. मला दीदी म्हणते आणि मी दिलेलं सगळं डोळे झाकून वापरते. तिनं माझीच वर्कशीट दिली. तपासताना पक्षपात नको म्हणून आम्ही सेक्शनांची अदलाबदल करतो आणि कागदावर फक्त रोल नंबर असतो. ब सेक्शनचा गठ्ठा माझ्याकडे आला.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. गॅलरीत कोवळं ऊन होतं, सासरे कान झाकून पेपर वाचत होते, आतून मुलीच्या मिक्सरचा आवाज येत होता. मला आठवतं, ती माझ्यासाठी आलं घालून काहीतरी करत होती. माझा घसा बसला होता. एकेचाळीस कागद होते. तक्त्यात अक्षर नसतंच, नुसते गोल, चौकोन आणि आकडे. ओळखणार कशावरून? आणि खरं सांगायचं तर मी बघतही नव्हते. मी दमले होते. आठवड्याचं नव्हे, वर्षानुवर्षांचं दमणं असतं ना, झोपून न जाणारं, ते.

अकराव्या की बाराव्या कागदावर II-1 काळा, II-2 काळी, आणि खाली बाण दाखवलेली III-1, म्हणजे जिनं तक्ता काढला ती मुलगी, कोरी. दोघं आईबाप चिकटलेले आणि मुलगी सुटी. ही चूक दरवर्षी चार-दोन जण करतात, आईचे कान न बघताच भरतात. मी II-2 वरून लाल रेघ मारली, शेजारी ‘असंभव’ असं इंग्रजीत लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पान उलटलं. पहिल्या पिढीतल्या आजीच्या गोलावर पेन्सिलीनं नीट काढलेली एक तिरकी रेघ होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. माझी सासू चार वर्षांपूर्वी गेली.

सोमवारी कागद वाटले गेले. संध्याकाळी मुलगी घरी आली, हातपाय धुतले, जेवायला बसली आणि म्हणाली, ‘मैम, एक रोटी और.’

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी पोळी वाढली. मंगळवारीही मॅम. पाणी हवंय का मॅम, दूधवाला आलाय मॅम. आवाज चढा नाही, रुसवा नाही, दार आपटणं नाही. शाळेचं फाटक तिनं नुसतं उचलून आमच्या उंबऱ्यावर आणून बसवलं होतं. सासऱ्यांनी मला विचारलं, ‘ही मॅम कोण आली घरात?’ मी म्हटलं, वय आहे, करतात मुलं असं.

बुधवारी डेराबस्सीच्या मॅडमनं स्टाफरूममध्ये तो कागद माझ्यापुढे ठेवला. मुलीनं तो घरी न आणता तिच्या टेबलावर ठेवून दिला होता. मॅडम हळू आवाजात म्हणाली, ‘दीदी, यह तो अपनी वाली की है।’ मी बघितलं. बाण, सुटी पाळी, दोघं काळे, आणि मधे माझ्या हातची रेघ माझ्याच अंगावरून गेलेली. घंटा झाली, मी उठून तासाला गेले आणि चाळीस मिनिटं पचनसंस्था शिकवली. काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

घरी जाताना मी ठरवलं, चूक झाली तर चूक दुरुस्त करायची. पण मी शिक्षिका आहे, माझी माफीसुद्धा शिकवणी होऊन बसते. मी कोरा कागद घेतला आणि तिच्याशेजारी बसून तक्ता नव्यानं काढला. जगभर ज्या पद्धतीनं काढतात तसा. दत्तक मुलाच्या खुणेला दोन्ही बाजूंनी चौकटी कंस घालतात आणि वरच्या आईबापांना जोडणारी रेघ तुटक काढतात. जन्मदात्यांकडे जाणारी रेघ सलग. ते माहीत नसतील तर प्रश्नचिन्ह. मी पट्टी लावून सगळं नीट काढलं आणि म्हणाले की बघ, आता बरोबर आहे, मी तेव्हा अंधपणानं तपासलं, माझं चुकलं.

तिनं कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, ‘यह लाइन टूटी हुई क्यों है?’

मी सांगितलं. सलग म्हणजे रक्ताची, तुटक म्हणजे दत्तकाची. तशी खूण ठरलेली आहे.

‘पहले मुझे असंभव कहा। फिर आपको मार दिया। अब लाइन भी तोड़ दी।’ ती उठली. ‘ठीक है, मैम।’

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिथेच बसून राहिले. पट्टी हातात होती. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सोळा वर्षं जिच्या तापात जागले, जिचे दात पडताना मोजले, जिच्यासाठी नवऱ्याच्या मागे गावोगाव न जाता एका शहराला चिकटून राहिले, तिच्या आणि माझ्या मधली रेघ मी माझ्या हातानं ठिपक्याठिपक्यांची काढली होती. आणि शास्त्राच्या दृष्टीनं ती अगदी बरोबर होती.

त्या आठवड्यात मी ते एकेचाळीस कागद परत मागवून घेतले. परत बघितले. या वेळी सावकाश. एका कागदावर बापाचा चौकोन इतक्यांदा खोडला होता की रबरानं भोक पडलं होतं. मी तिथे ‘स्वच्छता’ असं लिहून खूण केली होती. मुल्लानपूरकडच्या एका मुलीनं सगळे चौकोनच काढले होते, चार पिढ्या नुसते पुरुष. नवी टाउनशिप आली तेव्हा जमिनीसाठी पटवाऱ्याकडून, म्हणजे इथल्या तलाठ्याकडून, घराण्याचा जो कागद काढला होता, तो तिच्या दादाजींनी पुढे केला असणार. त्यात बायका नव्हत्याच, ती स्वतःही नव्हती. त्यावर मी शेरा मारला होता, मुलं आभाळातून पडली का? तेव्हा मला तो मजेशीर वाटला होता. आणि एक कागद अगदी निर्दोष होता, पुस्तकातल्या नमुन्यासारखा. त्याला मी पूर्ण गुण दिले होते. मॅडमकडून कळलं, ती मुलगी आजीकडे राहते, आईबाप दोघांचाही पत्ता नाही. तिनं पुस्तकातलंच कुटुंब उतरवून काढलं होतं. खोटं काढणारीला पूर्ण गुण आणि खरं काढणारीला काट, असं माझं तपासणं.

मग वर्कशीट बदलू द्या म्हणून मी अर्ज-विनंत्यांच्या मागे लागले. कोऑर्डिनेटर मॅडम भल्या आहेत, त्याही दमलेल्या आहेत. त्या म्हणाल्या की बोर्डात जे येतं ते करून घ्यावं, बाकी कशाला छेडायचं. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं पडलं की एक-दोन मुलांसाठी सगळ्यांची गंमत का घालवायची, पोरं घरी जाऊन आजीचे कान बघतात, किती छान. मी म्हटलं, एक-दोन नाहीत, एकेचाळीसात मला सात सापडलेत, आणि न सापडलेले किती ते देव जाणे. त्यात माझी मुलगी आहे हे मी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते बोललं नाही. सरांनी चहा मागवला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी तीन मीटिंगा ओतत राहिले.

त्या तीन मीटिंगांत बोलता बोलता मलाच एक गोष्ट उमगली. तक्ता बिचारा एकच प्रश्न विचारतो: हा गुण कुठल्या वाटेनं आला? त्याला दुसरं काही विचारायचंच नसतं. कोण कुणाला भरवतं, कोण कुणासाठी जागतं, हे त्याला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्याच्या डोक्यावर ‘माझं कुटुंब’ असं लिहिलं ते मी. झाड चिकटवलं तेही मीच. शास्त्राचा दोष नव्हता, शीर्षकाचा होता.

शेवटी ‘यंदा प्रयोग म्हणून’ परवानगी मिळाली. नव्या वर्कशीटवर लिहिलं, ‘एका गुणाची वाट’. स्वतःच्या घरचं कुणाला विचारलेलं नाही. मीच रचलेली चार घरं दिली. त्यात एका घरात दत्तक मूल आहे, एकात दोनदा लग्न झालेली बाई आहे, एकात प्रश्नचिन्ह आहे आणि त्याबद्दल गुण कापायचे नाहीत. जिथे बाई की पुरुष हे माहीत नाही किंवा सांगायचं नाही, तिथे शंकरपाळ्यासारखी खूण, ती पुस्तकांत आधीपासून होतीच, आम्ही शिकवत नव्हतो. तुटक रेघेखाली एक ओळ घातली: ही रेघ गुण या वाटेनं आला नाही एवढंच सांगते, नातं किती पक्कं हे सांगत नाही. आणि तपासणाऱ्यांसाठी सूचना, की तक्त्यावर काट मारायची नाही, चूक असेल तर खाली लिहायचं. पहिल्या दिवशी झेरॉक्सवाल्यानं सवयीनं जुनीच वर्कशीट काढून पाठवली, झाडासकट, नव्वद प्रती. त्यांच्या पाठीवर आम्ही नवी छापली.

घरात मात्र अजून मॅमच. ‘मैम की नई वर्कशीट ठीक है,’ असं तिनं एकदा आजोबांना सांगितलं, मी समोर असताना. मला वाटलं होतं वर्कशीट बदलली की शब्द परत येईल. मी मनातल्या मनात तसा सौदाच केला होता. शब्द आला नाही. एका संध्याकाळी मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढून आले आणि सासरे सवयीनं आतून म्हणाले, ‘कौन आई?’ मुलगी टेबलापाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या, मेथी निवडायला घेतली, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की हे असंच राहील. ती बारावी होईल, बंगळूरला नाही तर पुण्याला जाईल, आणि फोनवरही मॅम म्हणेल.

नोव्हेंबरात सासऱ्यांचं हयातीचं काम येतं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं की आपण जिवंत आहोत. मला तास होते, म्हणून मुलगी त्यांना घेऊन सेवा केंद्रात गेली. संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी सगळं रंगवून सांगितलं. अंगठा लावला, मशीन म्हणालं नाही. तर्जनी लावली, नाही. दहाही बोटं झाली. आयुष्यभर कालव्याच्या मातीत आणि फायलींत झिजलेली बोटं, त्यांच्यावर रेषाच उरल्या नाहीत. काउंटरवरचा सरदारजी म्हणाला, ‘बाऊजी, मशीन नहीं मान रही।’ त्यावर सासरे म्हणाले, ‘आरं, मी हितं बसलोय न्हवं? मग मेलो कसा?’ शेवटी कॅमेऱ्यानं चेहरा घ्यायचं ठरलं. कॅमेरा म्हणतो, डोळे मिचकवा. परक्या माणसासमोर डोळे मिचकवायला सासरे तयार होईनात. मुलीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, ते हसले, हसताना डोळे मिटले आणि सरकारनं त्यांना जिवंत धरलं.

मी कित्येक दिवसांनी पोटातून हसले. तीही हसली. हसता हसता तिची नजर माझ्याकडे आली, आणि तिनं ती वरणाच्या वाटीत घातली. ‘मैम, नमक,’ एवढंच म्हणाली.

पुढच्या सोमवारी शाळेच्या ऑफिसातून माझ्या नावे एक अर्ज आला. गुणांबद्दल तक्रार असेल तर मुलं रीचेकिंगचा अर्ज करतात, तो आधी ऑफिसात जातो आणि मग तपासणाऱ्याकडे. आमच्या ऑफिसातल्या बाबूजींना शुद्ध हिंदीचं वेड आहे. आलेल्या प्रत्येक अर्जातल्या चुका ते पेन्सिलनं दुरुस्त करतात आणि मगच पुढे पाठवतात. मी कागद उलगडला. वळणदार अक्षर, शाळेत शिकवतात त्या साच्यातला अर्ज.

‘सेवा में, परीक्षक महोदया। विषय: पुनः जाँच हेतु। महोदया, सविनय निवेदन है कि मेरी वर्कशीट में II-2 पर लाल रेखा खींचकर उन्हें मृत दिखाया गया है। II-2 मेरी आई हैं और जीवित हैं। रोज़ सुबह छह बजे मेरा टिफ़िन बनाती हैं। कृपया रिकॉर्ड ठीक किया जाए। आपकी आज्ञाकारी शिष्या।’ खाली रोल नंबर. त्याच्याखाली ‘साक्षी: I-1’ आणि निळ्या शाईचा एक अंगठा. फिकट, गुळगुळीत, रेषा नसलेला.

सासऱ्यांनी त्या दिवशी घरी गेल्यावर कबूल केलं. सेवा केंद्रातून परत येताना, गोल चक्करापाशी रिक्षा थांबली होती तेव्हा तिनं विचारलं होतं, की आजोबा, कागदावर कुणाला चुकून मारलं तर काय करायचं? आणि ते म्हणाले होते, ‘अर्ज करायचा. तोंडी सांगून कोण जित्तं हुत न्हाई.’

पण ते नंतरचं. दुपारी स्टाफरूममध्ये मी तो अर्ज हातात धरून होते आणि डेराबस्सीची मॅडम मला दोनदा हाक मारून गेली. मूळ कागद मी कपाटातून काढला, ‘असंभव’ खोडलं आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. रेघ काही निघेना. लाल शाई खोडून जात नाही. तिच्याशेजारी मी ‘परीक्षकाची चूक’ असं लिहून सही केली. मग अर्जावर शेरा लिहायला घेतला, तेव्हा दिसलं की बाबूजींची पेन्सिल इथेही फिरलेली आहे. ‘मेरी आई हैं’ या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली होती आणि समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, ‘कौन आई?’

मी लाल पेन बाजूला ठेवलं, मॅडमकडून निळं मागून घेतलं आणि त्या प्रश्नाखाली लिहिलं, ‘मैं आई.’